मदत हवी आहे : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून बेपत्ता झालेल्या काकांची जुनी नोंद कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. माझे काका सत्तरीतल्या आमच्या गावातून काजूच्या हंगामात घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. १९८७ साली गोवा घटक राज्य झालं, त्याच्या आधीची ही गोष्ट. "बेळगावला जाऊन येतो" एवढंच काकीला सांगून गेले. अंगात पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. उजव्या हाताची करंगळी कोयत्याने अर्धी तुटलेली. चोर्ला घाटाकडे जाताना कुणीतरी पाहिलं म्हणतात, पण पाहिलं कुणी हे आजवर कळलं नाही.

तेव्हा आजोबांनी पोलिसांत तक्रार दिली होती. आता चौकशी केली तर "इतकं जुनं रेकॉर्ड नाही" असं तोंडी उत्तर मिळतं. माहिती अधिकारात अर्ज करून अशी जुनी नोंद कुणाला मिळाली आहे का? अर्जात नेमकं काय मागायचं? त्या काळी बेळगाव भागात सापडलेल्या बेवारस मृतदेहांच्या नोंदी कुठे पाहायला मिळतील? पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळलेल्यांनीही सांगा.

सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर कायदा माणूस मृत मानतो, हे ठाऊक आहे. घरच्या वाटण्यांसाठी तसा दाखला काढा, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. पण काकी अजून मंगळसूत्र घालते. तिला कागद नको, काय झालं ते हवंय, आणि मला तिचंच पटतं. चोर्ला, कणकुंबी, जांबोटी भागातल्या कुणी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलंत तर फार उपकार होतील.