सल्ला हवा : बोअर एप्रिलमध्येच आटतो. आणखी खोल जावं की पुनर्भरण करावं? (नागपूर)

बेलतरोडीकर
नमस्कार मंडळी. आमची फ्लॅट स्कीम बेलतरोडी रोडला आहे. नळाचं पाणी पिण्या-स्वयंपाकापुरतं येतं, बाकी सगळं बोअरवर. बोअर साधारण २०० फुटांचा. दिवाळीपर्यंत छान चालतो, मग उतरत जातो, आणि घरोघरी कूलर लागले की मोटर हवा ओढायला लागते. मग टँकर. परवाच्या मीटिंगमध्ये बहुतेकांचं मत पडलं की ५०० फुटांचा नवा बोअर मारू. मला ते पटत नाही, पण बोलायला हाताशी नीट माहिती हवी. गच्ची ३०० चौरस मीटर आहे, तिचं पाणी पाइपांतून सरळ रस्त्यावर जातं. शिवाय ले-आउटच्या मोकळ्या जागेत शेती होती तेव्हाची एक बांधीव विहीर आहे, कचऱ्याने अर्धी भरलेली. तिचं काही करता येईल का?

हुडकेश्वरचा_पंकज
ताई, आम्ही ४५० मारला. पाणी लागलं, चालूनही राहिला. माझ्या मते मारून टाका. पावसाचं पाणी मुरवणं वगैरे ठीक आहे, पण यंदाच्या उन्हाळ्याचं काय?

मुरूम_काळा_दगड
सगळी नोकरी भूजलाच्या कामात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नागपूर दोन वेगळ्या खडकांवर वसलंय. पश्चिमेचा भाग बेसॉल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या दगडावर. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला पारडी-कळमन्याकडे त्याहून कितीतरी जुने नाइससारखे स्फटिकी खडक. तुमच्याकडे बहुधा बेसॉल्ट असेल, पण ही हद्द काही सरळ रेषेत जात नाही. शेजारी कुणी बोअर मारला असेल तर किती फुटांवर काय निघालं ते विचारून घ्या.

दोन्ही खडक मुळात घट्ट. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि त्याखालच्या भेगांत. खोल जावं तशा भेगा सहसा कमी होत जातात. ५०० फुटांवर एखादी लागलीच, तरी ती दर पावसाळ्यात भरेल याची खात्री नाही. पंकजभाऊंना लागलं, आनंद आहे. पण त्याच भेगेवर शेजारचे आणखी बोअर लागले तर सगळ्यांचीच पातळी एकदम बसते. आणि महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर, म्हणजे अंदाजे २०० फूट, किंवा त्याहून खोल विहिरींसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. खोल जायचंच म्हटलं तर आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नागपूर कार्यालयात विचारा.

आता तुमच्या गच्चीचा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. नागपूरचा सरासरी पाऊस १,००० मिलिमीटरच्या वर आहे. हजारच धरला तरी ३०० चौरस मीटरवर ३ लाख लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला समजा, २ लाख ४० हजार उरतात. ५,००० लिटरचे ४८ टँकर! हा आकडा मीटिंगमध्ये मांडा.

पण कुठेही खड्डा खणून पाणी सोडू नका. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. शोषखड्डा काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत न्यावाच लागतो. नाहीतर पहिल्या झडीतच तो तुडुंब भरून बसतो आणि लोक म्हणतात पुनर्भरणात दम नाही.

हुडकेश्वरचा_पंकज
काका, शेजारच्यांचं खरं आहे. आमच्या गल्लीत आणखी बोअर होऊन राहिले. हा मुद्दा डोक्यात आला नव्हता.

धरमपेठची_मृणाल
विहीर आहे म्हणताय ना, मग तीच तुमचं सोनं! बांधीव विहीर त्याच झिजलेल्या मुरुमात उतरलेली असते, जिथे पाणी लवकर मुरतं. फक्त जागा कुणाच्या ताब्यात आहे ते बघून लेखी परवानगी घ्या. ले-आउटमधल्या बाकी लोकांनाही सोबत घ्या, कारण मुरलेलं पाणी कंपाउंडची भिंत मानत नाही.

उपसताना एक कळकळीची विनंती. अशा बंद पडलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. कुणालाही एकट्याने उतरू देऊ नका, दोर आणि वर माणसं असलीच पाहिजेत. डिझेलचा पंप आत उतरवून चालवू नका, त्याच्या धुराने जीव जातात. आणि जोखीम घेऊ नका, सवय असलेलेच कामगार बोलवा.

सेप्टिकवाला_प्रश्न
सेप्टिक टँक कुठे आहे? ले-आउटांत हाच घोळ असतो. शोषखड्डा आणि सेप्टिकमध्ये निदान १५ मीटर ठेवा. विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्या, विशेषतः नायट्रेट आणि जिवाणू. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि उकळून नायट्रेट जात नाही.

गच्ची_ते_विहीर
हे काम करतो म्हणून लिहितो. फक्त गच्चीचं पाणी घ्या. पार्किंगचं, रस्त्याचं अजिबात नको, त्यात ऑइल येतं. बोअरमध्ये थेट सोडायचा मोह टाळा, घाण एकदा भेगेत गेली की काढता येत नाही. पाइपला एक व्हॉल्व्ह बसवून पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडा, धूळ आणि कबुतरांची घाण निघून जाते. पुढे गाळणी : खाली मोठे गोटे, वर गिट्टी, त्यावर जाड रेती. गाळणी लहान केली तर फसता. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तुमच्या गच्चीवरून १५,००० लिटर येणार. ओव्हरफ्लो ठेवाच. मे महिन्यात गच्ची झाडणं आणि रेतीचा वरचा थर धुणं, हे कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. बंद पडलेल्या बहुतेक यंत्रणा मला तेवढ्यामुळेच बंद दिसतात.

रेशीमबाग_८२
२०१९ च्या जुलैत पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण, जिथून शहराला पाणी येतं, तळाला गेलं आणि शहराला दिवसाआड पाणी आलं. २०२३ च्या सप्टेंबरात एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून घरांत पाणी शिरलं. दोन्ही याच शहरात. पेंचवर सगळा भार टाकून गच्चीवरचं पाणी सिमेंटच्या रस्त्यावर सोडणं मला बघवत नाही. ताई, मीटिंगमध्ये मागे हटू नका.

बेलतरोडीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ४८ टँकरचा आकडा ग्रुपवर टाकला आणि सूर बदलला. नवा बोअर तूर्त थांबवलाय. विहिरीच्या परवानगीचा अर्ज देतोय. सेप्टिक विहिरीपासून बराच लांब आहे, टेप लावून बघते. पंकजभाऊंचा प्रश्न मात्र राहतोच : या उन्हाळ्यात काय करू?

मुरूम_काळा_दगड
मोटर सलग चालवू नका. थोडा वेळ चालवून बंद ठेवा, भेगांतून पाणी परत जमू द्या. कूलरच्या टाक्यांना फ्लोट बसवा, ओसंडून फार जातं. आरओचं सोडलेलं पाणी फरशी पुसायला घ्या. आणि आत्तापासून विहिरीची पातळी वजन बांधलेल्या टेपने महिन्याला एकदा मोजून वहीत लिहा. मे आणि ऑक्टोबरच्या नोंदी चुकवू नका, पुढच्या वर्षी काम किती झालं ते त्याच दोन आकड्यांवरून कळेल.