मदत हवी आहे : खोली, काम आणि भरपाईचा अर्ज

नमस्कार मंडळी. देहव्यापारातून सुटून आलेल्या एका तरुणीसाठी आमचा बचत गट नाशिकमध्ये सिडको किंवा सातपूरला खोली शोधतोय. घरमालकांचा पहिलाच प्रश्न, "मिस्टर काय करतात?" तिथेच गाडी अडते. भाडेकरार गटातल्या ताईंच्या नावावर करायची तयारी आहे. शिलाई तिला छान जमते, कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीनही चालवते. अंधार पडायच्या आत सुटणारं काम हवं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार तिला वकील मोफत मिळतो, पीडितांना सरकारकडून मिळणाऱ्या भरपाईचा अर्जही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच करायचा. तो कोणी प्रत्यक्ष भरलाय का? सोबत कागद कोणते जोडले? तिचं नाव-गाव कृपया विचारू नका. आणि जुने कपडे नकोत हो, ते ढिगाने येतात. कळवायचं ते मेसेजमध्ये कळवा.