कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस का?

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे, सेमी-इंग्रजीला. मराठीच्या बाईंनी ‘रामाने आंबा खाल्ला’ हे कर्मणी प्रयोगाचं उदाहरण दिलं. त्याच आठवड्यात इंग्रजीच्या सरांनी ‘राम एट अ मँगो’ हे ॲक्टिव्ह व्हॉइसचं उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं. ती घरी येऊन विचारते, “आई, मराठीत पॅसिव्ह आणि इंग्रजीत ॲक्टिव्ह, मग यातलं एक चुकलंय ना?” मला उत्तर देता आलं नाही. कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह असंच आम्हीही शिकलो होतो. कुणी समजावून सांगेल का?

उत्तर: ताई, मुलीने अगदी नेमकं बोट ठेवलंय. बाईही बरोबर आहेत आणि सरही. चुकलंय ते आपण पाठ केलेलं समीकरण.

आधी शब्द पाहू. ‘कर्मणी’ ही संस्कृतातल्या ‘कर्मन्’ शब्दाची सप्तमी, म्हणजे ‘कर्माच्या ठिकाणी’. ‘कर्तरी’ आणि ‘भावे’ याही सप्तम्याच. पाणिनीच्या ‘लः कर्मणि च भावे चाकर्मकेभ्यः’ (३.४.६९) या सूत्रात ‘कर्मणि’ आणि ‘भावे’ हे शब्द भेटतात. मराठी व्याकरणकारांनी ते घेतले आणि त्यांवरून एक साधी गोष्ट ठरवली: क्रियापद कोणामागे चालतं? रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली, रामाने पेरू खाल्ले. राम तोच, पण क्रियापद फळाप्रमाणे बदलतंय. म्हणून कर्मणी. प्रयोग म्हणजे क्रियापदाचा मेळ कुणाशी बसतो याचा हिशेब.

इंग्रजीतला व्हॉइस वेगळंच काही विचारतो. वाक्यात सब्जेक्टच्या जागेवर कोण बसलंय? करणारा की ज्याच्यावर क्रिया झाली तो? ‘राम एट अ मँगो’मध्ये तिथे राम आहे, म्हणून ॲक्टिव्ह. ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’मध्ये आंबा तिथे जाऊन बसला, म्हणून पॅसिव्ह.

मग मराठी वाक्यात खरा मालक कोण? मुलीला ही परीक्षा करायला सांगा. ‘रामाने हात धुऊन आंबा खाल्ला.’ हात कुणी धुतले? रामाने. ‘रामाने आपल्या ताटातला आंबा खाल्ला.’ ताट कुणाचं? रामाचंच. ‘आपला’ आणि ‘-ऊन’ ही दोन्ही रूपं वाक्याच्या खऱ्या कर्त्याकडे बोट दाखवतात आणि इथे ती रामाकडे जातात. क्रियापद आंब्यामागे गेलं तरी वाक्य रामाचंच राहिलं. म्हणून ‘राम एट अ मँगो’ हे भाषांतर चोख आहे.

हा घोटाळा उगाच झालेला नाही. संस्कृतात ‘रामेण आम्रं खादितम्’ म्हणत, आणि ते खरोखरच पॅसिव्हच्या जातीचं वाक्य होतं. आपला भूतकाळ त्या ‘खादितम्’च्या कुळातून आला. रचना जुनीच राहिली, अर्थ मात्र पालटला. जुन्या मराठीत कर्मणीसाठी ‘ज’ही लागायचा: कीजे, बोलिजे. त्यातलं एक रूप आपण आजही दिवसातून पन्नासदा वापरतो. ‘पाहिजे’! पाहणे या धातूचं हे जुनं कर्मणी रूप, म्हणजे ‘पाहिलं जातं, शोधलं जातं’. दुकानात ‘मला साखर पाहिजे’ म्हणताना आपल्या तोंडी ज्ञानेश्वरकालीन कर्मणी असतो, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचं आपलं रूप म्हणजे ‘आंबा खाल्ला गेला’. शाळेच्या व्याकरणात याला नवीन कर्मणी म्हणतात आणि ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. आता तुम्हीच सांगा, दसऱ्याला नातवाला गोष्ट सांगताना कोणती आजी असं म्हणेल?

प्रश्न: मग इंग्रजीत पॅसिव्ह एवढा का लागतो? पेपरात, पाठ्यपुस्तकात, माहितीपत्रकात सगळीकडे दिसतो. आणि मराठीत आणताना ‘बाय’चं काय करायचं? मी ‘द्वारे’ वापरतो.

उत्तर: दादा, इंग्रजीत शब्दाची जागा ठरलेली असते. ‘द डॉग बिट द मॅन’मध्ये दोन शब्दांची अदलाबदल केली तर माणूसच कुत्र्याला चावतो. मराठीत ‘कुत्रा माणसाला चावला’ म्हणा की ‘माणसाला कुत्रा चावला’ म्हणा, दात कुत्र्याचेच. ‘-ला’ आणि ‘-ने’ ओळख सांभाळतात, त्यामुळे आपण ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला उचलून पुढे ठेवतो. इंग्रजीला ही सोय नाही. तिथे माणसाबद्दल बोलायचं तर त्याला सब्जेक्टच्या जागेवर आणावं लागतं आणि त्यासाठी क्रियापद बदलावं लागतं: ‘द मॅन वॉज बिटन बाय अ डॉग’. पॅसिव्हचं मोठं काम हेच. करणारा माहीत नसणं किंवा सांगायचा नसणं हे दुसरं.

एक वाक्य घेऊ. ‘द राजाबाई टॉवर वॉज डिझाइन्ड बाय सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, वॉज कम्प्लीटेड इन १८७८ अँड वॉज नेम्ड आफ्टर प्रेमचंद रायचंद्स मदर.’ तीन पॅसिव्ह, आणि तिन्ही योग्य, कारण सगळं बोलणं टॉवरबद्दल चाललंय. हे मराठीत ‘स्कॉटद्वारे आराखडित केला गेला, पूर्ण केला गेला, नाव दिले गेले’ असं उतरवलं तर वाचणारा दुसऱ्या ‘गेला’लाच निघून जाईल. मी असं लिहीन: ‘राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. टॉवर १८७८मध्ये पूर्ण झाला आणि प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं नाव त्याला मिळालं.’ एकही ‘गेला’ नाही, आणि टॉवर शेवटपर्यंत समोरच उभा आहे.

‘द्वारे’बद्दल माझं मत जरा कडक आहे. त्याच्या मुळाशी ‘द्वार’ आहे, म्हणजे ते वाट किंवा साधन दाखवतं. पत्राद्वारे कळवलं, पाइपद्वारे पाणी आणलं. करणाऱ्या माणसाला द्वार करू नये. ‘महापालिकेद्वारे रस्ता बांधला गेला’ कशाला? ‘हा रस्ता महापालिकेने बांधला’. ‘बाय’साठी आपल्याकडे किती शब्द आहेत पाहा. उद्घाटन कुणाच्या ‘हस्ते’ होतं. कप ‘माझ्या हातून’ फुटतो. चूक ‘माझ्याकडून’ होते. या ‘हातून’ आणि ‘कडून’मध्ये ‘मुद्दाम केलं नाही’ ही जी छटा आहे, ती ‘बाय’मध्ये नाही. म्हणून उलट दिशेने जाताना ‘द कप वॉज ब्रोकन बाय मी’ लिहू नका. ‘आय ब्रोक द कप’ म्हणा, आणि हवं तर पुढे ‘बाय ॲक्सिडेंट’ जोडा.

करणारा सांगायचाच नसेल तर मराठीत तो सरळ गाळतात. ‘इट इज सेड’ला ‘असं म्हणतात’. ‘माय बायसिकल वॉज स्टोलन’ला ‘माझी सायकल चोरीला गेली’. ‘आय वॉज टोल्ड टु वेट’ला ‘मला थांबायला सांगितलं’. या शेवटच्या जोडीत ‘आय’चं ‘मला’ झालं, ‘मी’ झालं नाही. इथे मुलं हमखास अडखळतात. ‘करण्यात येत आहे’ सोसायटीच्या फलकावर, पाणी बंद राहण्याच्या सूचनेत शोभतं. मुलांच्या निबंधात नको.

प्रश्न: (पहिल्याच ताई) खूप आभार. मुलगी ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ लिहिते. तेही याच गोंधळातून का?

उत्तर: हो, आणि त्यामागे ‘होता’ आहे. ‘अपघात झाला होता’ मनात येतं आणि ‘होता’चं ‘वॉज’ होऊन बसतं. हॅपन, डाय, अराइव्ह ही अकर्मक क्रियापदं आहेत. ज्यावर क्रिया व्हावी असं कर्मच नाही, तर सब्जेक्टच्या जागी आणणार कुणाला? म्हणून नुसतं ‘हॅपन्ड’. ‘जन्मला’चं मात्र उलट आहे. मराठीत साधं क्रियापद, इंग्रजीत पॅसिव्ह: ‘आय वॉज बॉर्न’. ‘आय ॲम बॉर्न’ नव्हे, जन्म होऊन गेला.

आणखी एक. आमच्या इमारतीत लिफ्टच्या दारावर पुठ्ठा लटकतो: ‘लिफ्ट इज रिपेअरिंग’. आज ‘इज बीइंग रिपेअर्ड’ हवं. पण मुलीला हेही सांगा की अठराव्या शतकात इंग्रज स्वतः ‘द हाउस इज बिल्डिंग’ असंच लिहीत, घर बांधलं जातंय या अर्थाने. ‘इज बीइंग बिल्ट’ त्या शतकाच्या अखेरीस रुळायला लागलं आणि पुढच्या शतकातल्या व्याकरणकारांनी त्यावर भरपूर नाकं मुरडली.

जाता जाता तिला हे वाक्य इंग्रजीत करायला द्या: ‘आजीला आता जिना चढवत नाही.’ मराठीत हा शक्य प्रयोग, म्हणजे जमतं की नाही ते सांगणारा, आणि आजी ‘-ला’ लावून बसलेली. इंग्रजीत आधी पॅसिव्ह करून पाहू दे, मग ॲक्टिव्ह. कोणत्या वाक्यात आजी दिसते ते तिलाच ठरवू दे, आणि तिने काय लिहिलं ते इथे नक्की कळवा.