पहिली बायनॉक्युलर १०×५० की १५×७०?

मृगशीर्ष
आकाश बघायला पहिली बायनॉक्युलर घेणाऱ्याला हल्ली सर्रास ‘१५×७० घे, जास्त दिसेल’ असं सांगितलं जातं. माझ्या मते या सल्ल्याने नवख्याचं नुकसान होतं. पहिली १०×५०च हवी (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये).

दुर्बीण ताऱ्याबरोबर हाताचा कंपही तितक्याच पट वाढवते. दहा पटीला तो चालून जातो, पंधराला तारे जागेवर ठरतच नाहीत. त्यात १०×५० साधारण ८००–९०० ग्रॅमची आणि १५×७० जवळपास दीड किलोची, म्हणजे दोन-तीन मिनिटांत हात भरून येतात. शिवाय १०×५० मध्ये साडेसहा अंशांचं आकाश मावतं. रोहिणीभोवतीचा इंग्रजी व्ही-सारखा गुच्छ साडेपाच अंशांचा आहे, तो अख्खा दिसतो. १५×७०च्या साडेचार अंशांत तो तुटतो, आणि ज्याला आकाशाची वाट अजून सापडलेली नाही तो आपण नेमके कुठे आहोत हेच हरवून बसतो.

गच्ची
तुमचा सगळा युक्तिवाद ‘हातात धरूनच बघायचं’ या गृहीतकावर उभा आहे. ट्रायपॉडवर लावा, कंपाचा आणि वजनाचा मुद्दाच उरत नाही.

५० ऐवजी ७० मिमीचं भिंग म्हणजे जवळपास दुप्पट प्रकाश, वर दीडपट मोठी प्रतिमा. ज्येष्ठाशेजारचा एम ४ हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ १०×५० मध्ये पुसट डाग असतो, १५×७० मध्ये त्याला आकार येतो. गुरूचे चंद्र ग्रहाच्या झगमगाटापासून सुटे दिसतात. हंसातल्या अल्बिरिओच्या जोडताऱ्यात फक्त ३५ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतर आहे. दहा पटीला तो सुटतो खरा, पण दुर्बीण स्थिर असेल तरच. म्हणजे आधार १०×५०लाही लागतोच. मग मोठी का नको?

मृगशीर्ष
कारण ट्रायपॉड नेमका डोक्यावरच्या आकाशात दगा देतो, आणि आपल्याकडे चांगल्या गोष्टी डोक्यावरूनच जातात. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. कृत्तिका माथ्यावर येतात तेव्हा खमध्यापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम साडेपाच अंश दूर असतात. मृगातला तेजोमेघ क्षितिजापासून ६६ अंशांवर, देवयानी दीर्घिका ६७–६८वर. बायनॉक्युलरची आयपीस (डोळ्याकडचं भिंग) सरळ मागे असते, टेलिस्कोपसारखी काटकोनात वळलेली नसते. त्यामुळे ७० अंशांवर बघायचं तर ट्रायपॉड डोक्याच्या वर न्यावा लागतो आणि आपण मान मोडून खाली शिरायचं. घरातला फोटोचा ट्रायपॉड तेवढा उंच होतच नाही, आणि हेडची मागची दांडी छातीला टेकते ती वेगळीच.

१०×५०चं तसं नाही. गच्चीवर सतरंजी, डोक्याखाली उशी, कोपरं जमिनीला किंवा छातीला टेकलेली. पकड प्रिझमच्या फुगीर भागावर न ठेवता पुढच्या भिंगांजवळ ठेवा, कंप लगेच कमी होतो. अशा स्थितीत कृत्तिका आरामात अर्धा तास बघता येतात.

काचकाम
दोघेही खोक्यावरच्या आकड्यांवर वाद घालताय. आधी तो आकडा खरा आहे का ते तपासा.

अंधाऱ्या खोलीत फोकस अनंतावर ठेवा, वीतभर अंतरावरून आयपीसमध्ये टॉर्च मारा आणि पुढच्या भिंगासमोर कागद धरा. कागदावर उजेडाचं वर्तुळ पडेल, ते पट्टीने मोजा. स्वस्त १५×७० मध्ये ते कित्येकदा ७० मिमी भरत नाही, कारण आतले प्रिझम किंवा कडी छोटी ठेवलेली असतात. ६३ मिमी भरलं तर एकोणीस टक्के प्रकाश गेला. मग ‘दुप्पट प्रकाश’ दीडपटीच्या आसपास येतो.

दुसरं, हात लांब करून दुर्बीण उजळ आकाशाकडे धरा (सूर्याकडे चुकूनही नको) आणि आयपीसमधली उजेडाची चकती बघा. पूर्ण गोल असेल तर प्रिझम बीएके४ या चांगल्या काचेचे असण्याची शक्यता जास्त. कडा राखाडी आणि चकती चौकोनी दिसली तर बीके७ या साध्या काचेचे.

सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही नळ्या एका दिशेला बघताहेत का? दुकानाबाहेर येऊन समोरच्या इमारतीचा आडवा कठडा बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून चार-पाच इंच मागे घ्या. दोन प्रतिमांत कठड्याची रेघ एकाच पातळीत राहिली पाहिजे. मधे पायरी पडली तर ती दुर्बीण परत द्या. वर-खालचा फरक डोळे जुळवून घेत नाहीत, दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. पट जितके जास्त तितका हा दोष जास्त जाचतो, म्हणून स्वस्त १५×७० घेताना धोका मोठा. रबराखालचे स्क्रू स्वतः फिरवायला जाऊ नका.

झूमवाली आणि लाल चकाकत्या भिंगांची बघूसुद्धा नका.

चाळिशी
वयाचाही विचार करा. भिंगाचा व्यास भागिले पट म्हणजे डोळ्यात शिरणारी उजेडाची चकती: ७×५०ला ७ मिमी, १०×५०ला ५, १५×७०ला ४.७. पन्नाशीच्या सुमारास बाहुली अंधारातही बहुधा पाचाच्या आसपासच उघडते. अशा डोळ्याला ७×५० ही ७×३५च पडते, बाकीचा प्रकाश बुबुळावर वाया. म्हणून अंधारात ७×५० उत्तम हा जुना नियम सगळ्यांना लागू नाही.

नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस करा. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावा लागतो, तेव्हा आय रिलीफ (आयपीसपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) १६ मिमीहून कमी नको.

गच्ची
काचकाम यांचा मुद्दा मान्य. मी १५×७० म्हणतो ती तपासून घेतलेलीच.

पण मृगशीर्ष, तुम्ही फक्त माथ्याजवळचं आकाश मोजलंत. वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ हा तारकागुच्छ पुण्याहून ३७ अंशांवर चढतो, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ जेमतेम २४वर. तिथे ट्रायपॉडमागे स्टूलवर बसून सरळ समोर बघता येतं. ओमेगा सेंटॉरी क्षितिजालगतच्या धुरकटात असतो, तिथे ७० मिमीचा प्रत्येक थेंब कामी येतो. माथ्यावर येण्याआधी दोन-तीन तास कृत्तिकाही पूर्वेला ५०–६० अंशांवर असतात, तेव्हा बघा की.

बिजागरीच्या पुढच्या टोकाची टोपी काढली की पाव इंची आटे असतात, त्यात एल आकाराचा धातूचा अडॅप्टर बसतो. प्लास्टिकचा घेऊ नका, तो वाकतो आणि स्पर्श केला की प्रतिमा बराच वेळ डुलत राहते.

मृगशीर्ष
दक्षिणेचं पटलं. पण त्यासाठी अडॅप्टर, दणकट ट्रायपॉड, स्टूल आणि योग्य वेळ, एवढी जुळवाजुळव नवखा रोज करत नाही. दहा मिनिटं ढग उघडले तर गळ्यात अडकवून बाहेर पडता यावं. मधला उपाय म्हणून १०×५० एल अडॅप्टरने मोनोपॉडवर (एकाच पायाच्या स्टँडवर) लावा, मोनोपॉडचं टोक आरामखुर्चीत मांड्यांमध्ये रोवा. अल्बिरिओ सुटतो. आणि घरात आल्यावर लगेच टोप्या लावू नका, दव वाळू द्या. चामड्याच्या पाकिटात पावसाळाभर ठेवलेल्या दुर्बिणीत बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दोन्ही ठेवा.