अनुभव धागा: दक्षिणेकडचं आजोळ

मे महिना आला की पुण्यातल्या आमच्या वाड्यातली निम्मी पोरं गायब. कुणी वाईला, कुणी खानदेशात. मी पार खाली, सावंतवाडीला. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. माझ्या सुट्ट्या त्याआधीच्या, एसटीतल्या. आंबोली घाट लागला की आई हातात लिंबू द्यायची. उपयोग शून्य.

चितारआळीत एका दुकानात फळांची परडी मांडलेली असायची. आंबा, सीताफळ, केळी, सगळं लाकडाचं, पण रंग असा की पाच वर्षांच्या मला भूकच लागली. केळं उचललं आणि कचकन चावलो. "मेल्या, लाकडाचा ता!" आजी ओरडली. दुकानदार हसला खरा, पण दात उमटलेलं केळं आजीच्याच गळ्यात पडलं.

परत आल्यावर आठवडाभर 'खंय', 'कित्याक' चालायचं. वाडा चिडवायचा.

तुमचं कुणी दक्षिणेकडच्या छोट्या गावात होतं का? तिथली बोली तोंडात कितपत बसली? लिहा. पाल्हाळ चालेल.

* * *

माझी मावशी गोकाकला. मिरजेला अर्ध्या झोपेत गाडी बदलायची, पुढे मीटरगेज. धबधबा बघायचा हट्ट दरवर्षी, आणि मे महिन्यात तिथे नुसता कोरडा कडा! झुलत्या पुलावर भाऊ मुद्दाम उड्या मारायचा, मी रडायचे. रडणं थांबवायला करदंट. डिंक दाताला असा चिकटायचा की रडता येतच नसे.

शेजारच्या अज्जी रोज विचारायच्या, "ऊटा आतेन्री?" मी रोज मान हलवून 'नाही' म्हणायचे, म्हणून त्या रोज जेवायला वाढायच्या. जेवण झालं का, एवढंच विचारतात हे तिसऱ्या सुट्टीत कळलं. तरी मान तशीच हलवत राहिले. त्यांची शेंगाचटणी तशीच होती.

* * *

आमचं जरा उलटं. घर चेन्नईत, सुट्टी तंजावरला आजोबांकडे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी तिकडे गेली, ती आमच्या घरात अजून बोलतात. लिहायचं मात्र तमिळमध्ये. आजोबा दुपारी बृहदीश्वराच्या देवळात न्यायचे. अनवाणी. फरशी तव्यासारखी तापलेली, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतोय आणि ते मला भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख अक्षर अक्षर वाचायला लावताहेत. १८०३ चा आहे. मोठा म्हणजे किती मोठा! मी देवनागरी तिथे शिकलो, शाळेत नाही. अजून मराठी वाचताना तळपाय शिवशिवतात.

पुढे वडिलांची पुण्याला बदली झाली. वर्गात तोंड उघडलं आणि पोरं विचारू लागली, "तू नक्की कुठला?" मूळ धाग्यातलं चिडवणं वाचून बरं वाटलं.

* * *

सगळ्यांचं एवढं गोड चाललंय म्हणून लिहितो. निपाणी, मामाकडे. शेजारी तंबाखूची वखार. दोन महिने नुसत्या शिंका. मामा कडक, पोहायला बंदी, आणि आई नोकरीवर असल्यामुळे मला तिथे 'ठेवलेलं'. सुट्टीला पाठवणं आणि ठेवणं यातला फरक पोराला बरोबर कळतो.

मामी मात्र रात्री गुपचूप भडंग द्यायची, वर्तमानपत्राच्या पुडीत. "आवाज करू नगं." कुरकुरीत भडंग आवाज न करता कसं खायचं, ते मला अजून येतं.