एसीआर ८६, पण २४ तासांचं प्रोटीन नॉर्मल. खरं कुठलं धरायचं?

बदलापूरकर: वडील ५८ वर्षांचे, वजन ७४ किलो, नऊ वर्षं मधुमेह. रुटीन लघवीत पट्टीवर प्रोटीन ‘ट्रेस’ म्हणजे किंचित, एसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचं, स्नायूंतून येणाऱ्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाशी गुणोत्तर) ८६ मिग्रॅ/ग्रॅम. २४ तासांच्या लघवीत मात्र प्रोटीन ११० मिग्रॅ, म्हणजे १५० च्या नॉर्मल मर्यादेच्या आत. एकूण लघवी ७०० मिली, क्रिएटिनिन ६४० मिग्रॅ. त्या दिवशी ते लोकलने दादरला कामावर गेले होते. आता निर्धास्त राहायचं का?

पॅथॉलॉजीवाला: नाही. तुमचं उत्तर त्या ६४० मध्येच आहे. पुरुषाच्या लघवीतून दिवसाला किलोमागे साधारण १५ ते २५ मिग्रॅ क्रिएटिनिन जातं. ७४ किलोला किमान ११०० च्या आसपास हवं होतं. म्हणजे जवळपास अर्धी लघवी कॅनमध्ये आलीच नाही, ती ऑफिसात किंवा स्टेशनवर गेली. त्यामुळे ११० हा आकडा बाद. गुणोत्तराला मात्र सांडलवंडीने फारसा फरक पडत नाही. ११० ला ६४० ने भागा, ०.१७ येतं, म्हणजे ग्रॅममागे सुमारे १७० मिग्रॅ प्रोटीन. हे नॉर्मलच्या जरा वर आहे आणि ८६ एसीआरशी जुळतं.

लघवीत बुडवायच्या पट्टीवरच्या ‘ट्रेस’वर भिस्त ठेवू नका. पट्टी फक्त दाटपणा बघते. भरपूर पाणी प्यायलं की खरं प्रोटीनही लपतं, आणि उन्हाळ्यात घाम गाळून आलेल्या माणसाची दाट लघवी उगाच रंग दाखवते.

बदलापूरकर: मग २४ तासांची परत करू? कॅन फ्रिजमध्ये ठेवायला घरचे तयार नाहीत.

पॅथॉलॉजीवाला: डॉक्टरांनी मागितली तरच, आणि सुट्टीच्या दिवशी. सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहा. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, शौचाला जातानाचीसुद्धा. आधी लघवी, मग संडास. दुसऱ्या दिवशी सातला शेवटची घ्यायची. पहिली टाकायची विसरतात, तिथेच आकडा फुगतो. फ्रिज नको तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ठेवा आणि वितळला की बदला.

डायलिसिस टेक्निशियन: माझ्या मते आता एसीआरच पुन्हा करा. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको. ताप किंवा लघवीत जंतुसंसर्ग असेल तर थांबा, आकडा तात्पुरता वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने ३० च्या वर आले की अल्ब्युमिन गळतंय हे पक्कं. ३० ते ३०० मधला टप्पा औषधाने आवरता येतो, म्हणून वेळ घालवू नका. रक्तातलं क्रिएटिनिन आणि ईजीएफआरही (किडनीचा गाळण्याचा अंदाजे वेग) त्याच खेपेला करून घ्या, कारण गाळण्याचा वेग लघवीतल्या प्रोटीनवरून कळत नाही. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तपासणीसाठी म्हणून बंद करू नका.