गोव्यात पाण्याचे आधी कोणते पाइप बदलायचे?

ताळगावकर: पैसा मोजकाच असेल तर वयाने म्हाताऱ्या मुख्य वाहिनीच्या आधी गटारातून घरात जाणारी नळजोडणी बदला. आमच्या गल्लीत अर्ध्या इंचाचे गंजके जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप गटाराच्या पाण्यात लोळतात. नळ गेला की लाइन रिकामी. मग शेजारी पंप लावून ओढतो आणि जिथे भोक तिथून गटार आत. पावसात पहिली बादली चहाच्या रंगाची असते.

फोंडेकर: ऑगस्ट २०१९ विसरलात वाटतं! केरये-खांडेपारला ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या मुख्य वाहिन्या गेल्या आणि फोंडा, तिसवाडी कित्येक दिवस कोरडी. गणपतीची चवथ तोंडावर आणि लोक टँकरमागे. तुमची चहाची बादली तरी होती, आमच्याकडे बादलीच रिकामी.

ताळगावकर: बाब, तो पाइप म्हातारपणाने नाही गेला. चौपदरी रस्त्याच्या कामात माती घसरली. नवा असता तरी फुटला असता.

फोंडेकर: तेच तर म्हणतोय! एकाच जागी दोन तालुक्यांचा जीव अडकलेला. दुसऱ्या वाटेने पर्यायी वाहिनी हवी, तुमची जोडणी नंतर.

निवृत्त जेई (कनिष्ठ अभियंता), म्हापसा: दोघांनीही एक गोष्ट सोडली. नुसती मुख्य वाहिनी नवी घातली की दाब वाढतो आणि गल्लीतले जुने सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे पाइप फुटायला लागतात. गळती तेवढीच, फक्त जागा बदलते. आम्ही नवी लाइन चालू केली की व्हॉल्व्ह मुद्दाम चावीचे फेरे मोजून हळूहळू उघडायचो. म्हणून एकेक झोन घ्या, मुख्यापासून मीटरपर्यंत. कुठला आधी? दुरुस्तीच्या नोंदी बघा. एकाच शंभर मीटरमध्ये वर्षात चार वेळा खणलं असेल तर तिथे गळतीवर क्लॅम्पची पट्टी मारत बसणं म्हणजे पैसे पुरणं.

मडगावची बाय: आणि मलवाहिनी? ती दारात येऊनही लोक जोडून घेत नाहीत, सेप्टिक टाकीचं पाणी रात्री गटारात सोडतात. पिण्याचा पाइप बदलून गटार तेच राहिलं तर काय उपयोग? खणणार असाल तर दोन्ही एकदम घाला, सांडपाण्याची खाली, पिण्याची वर आणि मधे अंतर ठेवून.

ताळगावकर: बाय, हे पटलं. पण पाण्याचा नमुना तपासायला दिला तर एप्रिलमधला साफ येतो. जुलैत घ्या, नळ आल्याबरोबर पहिल्या पाच मिनिटांचा.